एकाच दाण्यात दोन वये: देवलापारच्या पट्टिताश्माचे झिरकॉन काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रश्न एम.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारजवळच्या पट्टिताश्मातून (नाइस, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) झिरकॉन या खनिजाचे दाणे वेगळे केले आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून लेसर पद्धतीने त्यांची युरेनियम-शिसे वये काढून आणली. बहुतेक दाण्यांच्या गाभ्याला सुमारे १६० कोटी वर्षे आली, कडेला सुमारे ९५ कोटी, मधली काही वये ११० ते १४० कोटींची, आणि एका एकट्या दाण्याचे २५० कोटी. ती विचारते: "मॅडम, यातले खडकाचे वय कोणते लिहू? झारखंड-ओडिशाकडच्या सिंहभूममध्ये ४२४ कोटी वर्षांचे झिरकॉन मिळाले म्हणतात, मग तिथला खडक तेवढा जुना आहे का? आणि आपल्या नागपूरखालचे खंडाचे कवच नेमके कधी तयार झाले?"

बेटा, तुझे तीन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि गोंधळही एकाच जागी आहे. झिरकॉनचे वय म्हणजे दाण्याच्या त्या ठिपक्याचे वय, म्हणजे तेवढा भाग कधी स्फटिकला ते. ते खडकाचे वय असेलच असे नाही, आणि कवचाचे वय तर बहुधा नसतेच. खडक कधी घडला, आणि ज्या पदार्थातून तो घडला तो कवचाखालच्या प्रावरणातून पहिल्यांदा कधी वर आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर युरेनियम-शिसे देते. दुसऱ्यासाठी त्याच दाण्यातले हाफ्नियम हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन विचारावे लागतात.

तुझ्या तक्त्याबद्दल आधी थोडक्यात सांगते. १६० कोटी हे बहुधा मूळ ग्रॅनाइटी शिलारस थिजल्याचे वय. ९५ कोटी हे त्या ग्रॅनाइटचा पट्टिताश्म करणाऱ्या रूपांतरणाचे. ११० ते १४० कोटींची वये प्रबंधात घटना म्हणून लिहू नकोस, ती बहुतेक मिश्रणाची आहेत. २५० कोटींच्या दाण्याला आज ना हो म्हण ना नाही. त्याची तपासणी कशी करायची ते पुढे येईलच.

झिरकॉनवर एवढा भरवसा का, ते नीट समजून घे. झिरकोनियम सिलिकेटचा हा स्फटिक वाढताना झिरकोनियमच्या जागी थोडे युरेनियम आणि थोरियम सहज घेतो, कारण त्यांचा विद्युतभार जुळतो आणि आकारमानही फार दूर नसते. शिशाचा भार वेगळा, अणू मोठा, त्यामुळे शिशाला तो जवळजवळ थारा देत नाही. म्हणून आज दाण्यात जे शिसे दिसते ते जवळपास सगळे आतल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून आलेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षे आणि त्यातून शिसे-२०६ होते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य ७०.४ कोटी वर्षे आणि त्यातून शिसे-२०७. एकाच डबीत दोन घड्याळे, एक संथ आणि एक जलद. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर डबी मधल्या काळात कुणी उघडलेली नाही, असे मानायला आधार मिळतो. दुसऱ्या कुठल्याही सामान्य खनिजात ही सोय इतकी सहज मिळत नाही.

आकडे हातात असू देत. १०० कोटी वर्षांच्या दाण्यात शिसे-२०७ आणि शिसे-२०६ यांचे गुणोत्तर सुमारे ०.०७२५ असते. २५० कोटींच्या दाण्यात ते सुमारे ०.१६४, आणि ४०० कोटींच्या दाण्यात सुमारे ०.४२५. म्हणजे जुन्या दाण्यात हे गुणोत्तर वयाबरोबर झपाट्याने बदलते आणि वय बारकाईने सांगते. तरुण दाण्यात शिसे-२०७ इतके कमी असते की शिसे-२०६ आणि युरेनियम-२३८ यांचे गुणोत्तर वापरणे बरे. ही अदलाबदल साधारण १०० ते १५० कोटी वर्षांच्या टापूत करतात. तुझी कडेची वये नेमकी या सीमेवर पडतात. म्हणून तक्त्यात प्रत्येक ठिपक्यासाठी दोन्ही वये दे आणि त्यांतला फरक टक्क्यांत लिही. अहवालात "सर्वोत्तम वय" नावाचा एकच स्तंभ असतो, तो जसाच्या तसा उतरवू नकोस. ती निवड यंत्राच्या संगणकाने एका ठरावीक नियमाने केलेली असते, आणि तुझा खडक त्या नियमात बसतो की नाही हे तुलाच पाहावे लागते.

आता डबी उघडली गेली तर काय होते ते पाहू. झिरकॉनमधून शिसे नुसत्या उष्णतेने बाहेर पडायला ९०० अंश सेल्सियसच्या वरचे तापमान लागते, म्हणजे बहुतेक खडक त्याआधीच वितळू लागतात. खरा शत्रू निराळा आहे. युरेनियम जास्त असलेल्या दाण्यात अब्जावधी वर्षांच्या किरणोत्साराने स्फटिकाची जाळी मोडते, दाणा आतून काचेसारखा होतो, आणि मग साधे भूजलसुद्धा त्यातून शिसे नेऊ शकते. असे दाणे गढूळ, तपकिरी, भेगाळलेले दिसतात. जॉर्ज वेदरिलने १९५६ मध्ये दोन्ही घड्याळांची गुणोत्तरे एका आलेखावर मांडून जो वक्र दिला, त्या कॉन्कॉर्डियावर निरोगी दाणे बसतात. शिसे गमावलेले दाणे त्याखाली एका सरळ रेषेत घसरतात. ती रेषा वर जिथे वक्राला छेदते ते स्फटिकीकरणाचे वय, आणि खाली जिथे छेदते तो नासाडीचा काळ. खालचा छेद मात्र बऱ्याचदा कोणत्याही खऱ्या घटनेशी जुळत नाही, कारण गळती एकदाच न होता थोडी थोडी होत राहिलेली असते. त्याला फार मान देऊ नये.

तुझ्या ११० ते १४० कोटींच्या वयांचे कारण इथेच आहे. लेसरचा ठिपका साधारण ३० मायक्रॉनचा असतो, तर तुझ्या दाण्यांची कड कित्येक ठिकाणी १५-२० मायक्रॉनच जाड असेल. अर्धा ठिपका गाभ्यावर आणि अर्धा कडेवर पडला की येणारे वय दोन्हींच्या मधले असते. शिवाय १६० आणि ९५ कोटी यांना जोडणारी रेषा वक्राला इतकी चिकटून जाते की एक-दोन टक्क्यांच्या त्रुटीत मिश्रणसुद्धा सुसंगत दिसते. दोन्ही घड्याळे जुळतात म्हणून विद्यार्थी खूश होतो आणि "१२५ कोटी वर्षांपूर्वीची घटना" लिहून मोकळा होतो. मध्य भारतावरच्या लेखनात अशा वयांचा निष्कारण त्रास झालेला मी पाहिला आहे. म्हणून आलेख नंतर काढ, आधी कॅथोडोल्युमिनेसन्स चित्रे उघड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली दाण्याचे आतले पट्टे उजळून दाखवणारी चित्रे. प्रत्येक ठिपक्याचा खड्डा चित्रावर कुठे बसला आहे ते एकेक करून पाहा आणि सीमेवर पडलेले ठिपके बाजूला काढ. तुझे चित्र आणि तुझा आकडा एकमेकांशेजारी नसतील तर परीक्षकाने तो आकडा मान्य करू नये असे माझे मत आहे.

चित्रात काय शोधायचे? शिलारसातून वाढलेल्या झिरकॉनला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बारीक, कोनदार पट्टे असतात. रूपांतरणात वाढलेली कड बहुधा एकसुरी असते, एकदम उजळ किंवा एकदम काळी, आणि गाभ्याचे पट्टे ती मध्येच कापून जाते. थोरियम-युरेनियमचे गुणोत्तरही पाहा. शिलारसातल्या दाण्यांत ते बहुधा ०.१ च्या बरेच वर असते, रूपांतरणाच्या कडांमध्ये पुष्कळदा ०.१ च्या खाली. याला नियम समजू नकोस, खूण समज. ग्रॅन्युलाइट दर्जाच्या, म्हणजे फार उच्च तापमानाच्या रूपांतरणात जास्त गुणोत्तराच्या कडाही वाढतात.

तुझ्या त्या एकट्या २५० कोटींच्या दाण्याकडे येण्यापूर्वी मला दाणे वेगळे करण्याबद्दल बोलायचे आहे, कारण तिथे झालेली चूक पुढे कुठलेही यंत्र सुधारू शकत नाही.

आपल्याकडे भंडारा-गोंदियाकडच्या नद्यांत सोनझरी लोक वाळू धुऊन सोने काढत आले आहेत. लाकडी पाटीत वाळू आणि पाणी घोळवायचे, हलके वाहून जाते, जड तळाला राहते. आपण तेच करतो. झिरकॉनची घनता ४.६ ते ४.७, तर क्वॉर्टझची २.६५. पाच ते दहा किलो खडक फोडायचा, दळायचा, अडीचशे मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग घ्यायचा, पाण्यात धुऊन जड खनिजे गोळा करायची, चुंबकाने लोहयुक्त दाणे काढायचे, जड द्रवात उरलेसुरले हलके तरंगू द्यायचे. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा सुईच्या टोकाने उचलायचा. मग दाणे एपॉक्सीच्या चकतीत बसवून निम्मे घासायचे, म्हणजे आतला गाभा उघडा पडतो. वेचताना डोळ्याला आवडणारे स्वच्छ, लांबट, सुरेख दाणेच उचलले जातात. नदीच्या वाळूचा अभ्यास असेल तर हे थेट चुकीचे आहे, कारण तू निसर्गाच्या वाटणीऐवजी स्वतःची आवड मोजत असतेस.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका प्रयोगशाळेत माझा नमुना जबड्याच्या क्रशरमधून गेला. आधीचा नमुना कुठल्या तरी तरुण ग्रॅनाइटचा होता आणि यंत्र नीट साफ झालेले नव्हते. माझ्या अतिप्राचीन पट्टिताश्मात तरुण, देखणे, पूर्ण सुसंगत दाणे निघाले. त्यांच्यावर मी चार महिने एक गोष्ट रचत राहिले. शेवटी क्रशरच्या दातांमधली भुकटी ब्रशने काढून तपासली तेव्हा ते दाणे तिथेच सापडले. ते चार महिने परत आले नाहीत. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. दळण्याआधी क्रशर पूर्ण उघडून घासायचा, मग शुद्ध क्वॉर्टझचे तुकडे दळायचे, आणि त्या कोऱ्या भुकटीत झिरकॉन दिसतो का ते बघायचे. चाळण्या प्रत्येक नमुन्याला नव्या घ्यायच्या. नायलॉनची जाळी स्वस्त मिळते, एका नमुन्यानंतर ती फेकून द्यायची.

आता तो दाणा. तो खरोखर तुझ्या खडकातला आहे का, याची एक चांगली कसोटी आहे. त्याला ९५ कोटींची कड आहे का ते पाहा. दाणा मूळ खडकात असेल तर इतरांनी जे रूपांतरण सोसले ते त्यानेही सोसलेले असणार, आणि त्याच्याभोवतीही तशीच एकसुरी कड वाढलेली असण्याचा संभव मोठा आहे. क्रशरमधून आलेल्या परक्या दाण्याला ती असणार नाही, निदान तुझ्याआधीचा नमुना याच पट्ट्यातला नसेल तर. दळण्याच्या नोंदवहीत तुझ्याआधी काय दळले होते ते पाहा. तो नमुना डोंगरगढ किंवा मलाजखंडच्या ग्रॅनाइटचा असेल तर सावध हो. त्या दोन्ही ठिकाणी सुमारे २५० कोटी वर्षांचे ग्रॅनाइट आहेत, आणि नागपुरातल्या विद्यार्थ्यांचे नमुने नेमके तिकडूनच येतात.

कड असेल तर तो दाणा वारशाने आलेला म्हणता येईल. म्हणजे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाने आधीच्या, २५० कोटी वर्षांच्या खडकाचा एक न विरघळलेला कण पोटात घेतला. ग्रॅनाइटी शिलारस फार तापलेला नसेल तर त्यात झिरकोनियम लवकर संपृक्त होते आणि जुने दाणे विरघळत नाहीत. एका दाण्यावर इमारत उभी करायची नाही, पण असे दाणे आणखी वेचायला मात्र हे पुरेसे कारण आहे.

सिंहभूमची गोष्ट याच प्रकारची आहे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. २०१८ मध्ये ओडिशातल्या चंपुआ भागातल्या टोनालाइटी (ग्रॅनाइटच्या जातीच्या) पट्टिताश्मातून ४२४ आणि सुमारे ४०३ कोटी वर्षांचे दोन झिरकॉन प्रसिद्ध झाले. खडक स्वतः ३३० ते ३५० कोटी वर्षांच्या दरम्यानचा आहे. ते दाणे त्याने पोटात घेतलेले पाहुणे आहेत. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. खडक तेवढा जुना नाही. पण तेवढे जुने कवच कधी तरी, कुठे तरी होते आणि ते वितळून नव्या खडकात गेले, हे मात्र त्या दाण्यांनी सांगितले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचेही असेच आहे. तिथला ४४०.४ कोटी वर्षांचा दाणा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गोटेखडकात तो सापडला तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेला. दाणा आणि खडक यांच्या वयात १४० कोटी वर्षांचे अंतर आहे, आणि त्या दाण्याला जन्म देणारा खडक आज पृथ्वीवर कुठेही उरलेला नाही. सौरमालेचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे धरले तर तो दाणा पृथ्वीच्या पहिल्या १७ कोटी वर्षांतला आहे. झिरकॉनच्या वयावर उभा असलेला सर्वांत जुना अखंड खडक म्हणजे कॅनडातला अकास्टा पट्टिताश्म, सुमारे ४०३ कोटी वर्षांचा. त्याआधीच्या काळाबद्दल जे काही ठोस कळते ते मुख्यतः अशा सुट्या दाण्यांतूनच.

इतक्या जुन्या दाण्यांच्या बाबतीत एक रास्त शंका घेतली गेली होती. शिसे दाण्यातल्या दाण्यात इकडून तिकडे सरकले, एका ठिपक्यात गोळा झाले, तर वय खोटे मोठे येणार नाही का? अंटार्क्टिकातल्या नेपियर संकुलातल्या झिरकॉनमध्ये हे खरेच घडलेले दिसले. तिथे धातुरूप शिशाचे अतिसूक्ष्म गोळे आढळले आणि त्यामुळे काही वये खऱ्याहून जुनी आली होती. २०१४ मध्ये जॅक हिल्सचा ४३७.४ कोटी वर्षांचा दाणा ॲटम प्रोबखाली अणू-अणूने तपासला गेला. शिशाचे पुंजके तिथेही होते, पण ते इतके लहान आणि इतके जवळजवळ होते की वीसेक मायक्रॉनच्या ठिपक्यात सगळे सरासरीत सामावून जात होते. वय टिकले. मला हे काम फार महत्त्वाचे वाटते, कारण शंका घेणाऱ्यांना नुसते गप्प न करता ती शंका मोजून दाखवली गेली.

आता कवचाच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. झिरकॉनमध्ये वजनाने साधारण एक टक्का हाफ्नियम असते. ल्युटेशियम-१७६ चा क्षय होऊन हाफ्नियम-१७६ तयार होते, अर्धायुष्य सुमारे ३,७०० कोटी वर्षे. दाण्यात ल्युटेशियम फारच कमी असल्याने त्यातले हाफ्नियमचे गुणोत्तर जन्मानंतर जवळपास गोठलेले राहते. म्हणजे ज्या शिलारसातून दाणा वाढला त्याचे गुणोत्तर त्याने जपून ठेवलेले असते. प्रावरण वितळते तेव्हा हाफ्नियम जास्त प्रमाणात द्रवात जाते आणि ल्युटेशियम मागे राहते. परिणामी कवचात ल्युटेशियमची चणचण असते आणि कवचातले हाफ्नियम-१७६ प्रावरणाच्या मानाने सावकाश वाढते. जितके जुने कवच, तितके ते मागे पडते. हा मागे पडण्याचा हिशेब आपण एप्सिलॉन हाफ्नियम या आकड्यात मांडतो. शून्याच्या बराच वर असला तर पदार्थ प्रावरणातून नुकताच आला, खाली असला तर जुने कवच पुन्हा वितळले.

तुझ्या खडकावर हे लावून बघू. सरासरी खंडीय कवचासाठी ल्युटेशियम-हाफ्नियमचे नेहमीचे गुणोत्तर ०.०१५ धरले तर एप्सिलॉन हाफ्नियम दर १०० कोटी वर्षांना साधारण १२ एककांनी खाली येते. समजा २५० कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून ताजे कवच आले, तेव्हा त्याचा आकडा +५ किंवा +६ होता. १६० कोटी वर्षांपूर्वी ते पुन्हा वितळले. मधल्या ९० कोटी वर्षांत आकडा सुमारे ११ ने उतरला, म्हणजे तुझ्या गाभ्यांमध्ये -५ च्या आसपास यायला हवे. तसे आले तर तो एकटा २५० कोटींचा दाणा एकटा राहत नाही. त्याच्या बाजूने सगळे १६० कोटींचे गाभे बोलू लागतात. त्याउलट गाभे +७, +८ आले तर १६० कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून नवे कवच आले असे म्हणावे लागेल, आणि तो दाणा जवळच्या गाळातून किंवा क्रशरमधून आला असण्याची शक्यता वाढेल. म्हणून तुझ्या प्रबंधाचा खरा गाभा हाफ्नियममध्ये आहे. युरेनियम-शिशाने फक्त वेळ दिली.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला प्रत्यक्षातला आहे. हाफ्नियमचा लेसर ठिपका बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा घेतात, आणि तो वयाच्या ठिपक्यावरच मारला तर खोलीत आणि रुंदीत वेगळ्या वयाचा भाग मिसळू शकतो. चित्रात गाभा पुरेसा मोठा नसेल तर तो दाणा सोडून दे. दुसरा खड्डा हिशेबातला. हाफ्नियमवरून काढलेले प्रतिमान वय, म्हणजे पदार्थ प्रावरणातून कधी निघाला असावा याचा हिशेब, हे मोजलेले वय नव्हे. मधल्या काळातल्या कवचाचे ल्युटेशियम-हाफ्नियम गुणोत्तर ०.०१० धरले की एक उत्तर येते, ०.०२२ धरले की वीसपंचवीस कोटी वर्षे, कधी त्याहूनही जास्त फरकाचे दुसरे. शिवाय १६० कोटींच्या नव्या प्रावरणी द्रवात ३०० कोटींचे जुने कवच मिसळले तरी प्रतिमान वय मधले कुठले तरी येईल, आणि त्या मधल्या काळात प्रत्यक्षात काहीच घडलेले नसेल. ऑक्सिजन इथे कामाला येतो. प्रावरणाशी तोलात असलेल्या झिरकॉनचे डेल्टा ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आकडा) सुमारे ५.३ प्रति हजार असते, वरखाली ०.६. त्याच्या बरेच वर गेले, साडेसहा-सातच्या पुढे, तर शिलारसात कधी तरी पृष्ठभागावर, पाण्याच्या संपर्कात, कमी तापमानाला बदललेला पदार्थ गेला होता. जॅक हिल्सच्या ४३० कोटी वर्षांच्या काही दाण्यांत असे जास्त आकडे मिळाले, आणि त्यावरूनच त्या काळी पृथ्वीवर द्रव पाणी होते हे अनुमान आले. ऑक्सिजन प्रावरणासारखा आणि हाफ्नियम शून्याच्या बराच वर अशा दाण्यांचे प्रतिमान वय मी गांभीर्याने घेते. बाकीच्यांचे सावधपणे.

जगभरच्या वाळूतले झिरकॉन एकत्र केले की वयांचे ढीग ठरावीक काळांत पडतात, सुमारे २७० कोटी, १९० कोटी, ११० कोटी. पूर्वी यातून कवच झटक्याझटक्याने वाढले असे म्हणत. आता बरेच जण, मीही, असे मानतो की यातला मोठा वाटा जतन होण्याचा आहे. खंड एकमेकांवर आदळून महाखंड बनतात तेव्हा त्या काळी तयार झालेले खडक टक्करीच्या पट्ट्यात दडून वाचतात, बाकीचे झिजून किंवा खाली ओढले जाऊन नाहीसे होतात. हाफ्नियम-ऑक्सिजन एकत्र वापरून २०१२ मध्ये मांडलेल्या एका हिशेबानुसार आजच्या खंडीय कवचाच्या सुमारे ६५ टक्के आकारमानाइतके कवच ३०० कोटी वर्षांपूर्वीच तयार झाले होते. या आकड्यावर अजून वाद आहे. पण सुरुवातीला वेगाने आणि नंतर सावकाश, हा त्याचा सूर मला पटतो.

आता नागपूर. आपले शहर सीमेवर वसले आहे. पश्चिमेचा भाग, सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीच्या टेकडीसह, दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे. पूर्वेला पट्टिताश्म, तर कामठीकडे गोंडवानाचे गाळाचे खडक. बेसाल्टमध्ये सिलिका कमी आणि झिरकोनियम द्रवातच राहते, म्हणून त्यात झिरकॉन क्वचितच मिळतो. दख्खनच्या लाव्ह्यांचे झिरकॉन वय काढणाऱ्यांनी म्हणूनच लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या राखेचे आणि लाल मातीचे दाणे घेतले आणि मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वी, साडेसात लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत झाला असे दाखवले. बेसाल्टच्या खाली काय आहे हे झिरकॉनला विचारायचे तर उघड्या पट्ट्यात, म्हणजे तुझ्या रामटेक-मनसर-देवलापारकडेच जावे लागते.

त्या पट्ट्याची एक गोष्ट तुझ्या प्रस्तावनेत असायलाच हवी. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारताच्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा मनसर-कांद्रीकडचे मँगनीजवाले खडक आर्कियन, म्हणजे अतिप्राचीन समजले जात. १९३६ मध्ये वेस्ट यांनी देवलापार भागातल्या प्रचंड घड्या, खडकांच्या चादरी एकमेकांवर सरकून आलेल्या, दाखवल्या आणि तेही या खडकांना आर्कियनच म्हणत होते. नकाशा त्यांनी फार चांगला काढला, पण वय ठरवायला त्या काळी साधन नव्हते. पुढे झिरकॉन आणि मोनाझाइटची वये आली तेव्हा तिरोडी पट्टिताश्म (तुझा खडक याच गटातला) सुमारे १६० कोटी वर्षांचा आणि सौसर पट्ट्याचे, म्हणजे याच मनसर-देवलापारच्या पट्ट्याचे, मुख्य रूपांतरण १०० कोटींच्या आसपासचे ठरले. तुझे १६० आणि ९५ या चित्रात नीट बसतात, आणि म्हणूनच मी वर इतक्या खात्रीने बोलले.

मग नागपूरखालचे कवच कधीचे? याचे एक उत्तर नाही, कारण ते एका वेळी झालेले नाही. आपल्या पूर्वेला बस्तर क्रेटॉन, म्हणजे खंडाचा एक जुना, स्थिर ठोकळा आहे. दल्ली-राजहराजवळच्या ग्रॅनाइटच्या झिरकॉनचे वय २००९ मध्ये सुमारे ३५८ कोटी वर्षे निघाले. म्हणजे रायपूरच्या बाजूला साडेतीनशे कोटींहून जुने ग्रॅनाइटी कवच तेव्हाच तयार होते. त्यानंतर सुमारे २५० कोटींच्या वेळी डोंगरगढ-मलाजखंडकडे मोठ्या प्रमाणावर ग्रॅनाइट आले. १६० कोटींना तिरोडी. १०० कोटींच्या आसपास उत्तर आणि दक्षिण भारताचे ठोकळे एकमेकांत घट्ट सांधले गेले आणि सौसर पट्टा त्या सांध्यात भाजला गेला. तुझा प्रश्न खरे तर असा असायला हवा: १६० कोटींचा तिरोडी शिलारस हे नवे कवच होते, की बस्तरचेच जुने कवच पुन्हा वितळून आले? याचे उत्तर तुझ्या चकतीत बसवलेल्या दाण्यांमध्ये आहे.

तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत हे कर. चित्रे आणि ठिपके जुळवून सीमेवरचे बाद कर. उरलेल्या गाभ्यांपैकी मोठे, स्वच्छ, दोन्ही घड्याळे दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळणारे पंधरा-वीस दाणे हाफ्नियमसाठी निवड. प्रत्येक फेरीत ओळखीचे संदर्भ झिरकॉन, ९१५०० (१०६.५ कोटी वर्षे) आणि प्लेशोवित्से (३३.७ कोटी वर्षे), मोजले गेले की नाही आणि त्यांची वये बरोबर आली की नाही, हे प्रयोगशाळेकडून लेखी घे. संदर्भ दाणाच चुकीचे वय देत असेल तर तुझ्या तक्त्याला अर्थ नाही. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये देशाची राष्ट्रीय भूकालमापन सुविधा आहे. तिथे अर्ज करायचा तर मार्गदर्शकांच्या सहीने आत्ताच कर, रांग असते. आणि उरलेली जड खनिजांची पुडी टाकून दिली नसशील तर त्यातून आणखी दाणे वेच, या वेळी कुरूप, गढूळ, गोलसर असेही. गोलसर गाभ्याचे जुने दाणे त्यांतच लपलेले असतात.

तोवर प्रबंधात एवढेच लिही: "मूळ शिलारसाचे स्फटिकीकरण सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वी, रूपांतरणाची कड सुमारे ९५ कोटी वर्षांपूर्वी, २५० कोटी वर्षांचा एक दाणा, उगम तपासाधीन." तो दाणा ज्या चकतीत आहे ती पुन्हा घासू नकोस. त्याच्यावर हाफ्नियमचा ठिपका मारायला जेमतेम जागा शिल्लक असेल.